पाण्याने लिहिलेली भिंत

माय,

तुला लिहायला बसले त्याचं कारण तसं किरकोळ आहे. मी जिथे काम करते त्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला एक लेख हवा होता. लहान मुलांचा हात लिहिण्यासाठी तयार व्हावा म्हणून घरच्या घरी कोणते गमतीचे खेळ घेता येतील, असा विषय. आठशे शब्द, गुरुवारपर्यंत. धानाचे भाव, बसस्टँडवरचे खड्डे, तलावातला गाळ, या सगळ्यांवर आयुष्यभर वेळेत मजकूर दिला आहे, तेव्हा हा लेख चहा थंड व्हायच्या आत व्हायला हवा होता. पोरांना कणीक मळू द्या, असं लिहिलं. तांदूळ निवडू द्या, असं लिहिलं. मग ‘हातात ओला कुंचा द्या आणि घराची बाहेरची भिंत दाखवा’ असं लिहिलं आणि तिथेच थांबले. कारण हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आपल्या आसगावच्या अंगणात पाहिलं होतं, आणि तेही अर्धवट पाहिलं होतं, हे मला लेख लिहितानाच कळलं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या कार्यालयातली निम्मी माणसं तिकडे गेली आणि उरलेल्यांवर कामाचा डोंगर आला. पोरगी तेव्हा पोटात होती. ती अडीच वर्षांची झाली तरी कामाचं ओझं काही हलकं झालं नव्हतं. तिच्या वडिलांची नोकरी फिरतीची, माझी घरी यायची वेळ ठरलेली नाही. तूच म्हणालीस, "आन इकडं. मी का मेली आहो का?" आणि मी तिला पवनीच्या बसने तुझ्याकडे आणून सोडलं. दर रविवारी यायचं, संध्याकाळच्या बसने परत जायचं. बसच्या खिडकीतून पाहिलं की तू तिला कडेवर घेऊन तिचा हात हलवत असायचीस, आणि तिचं लक्ष मात्र तुझ्या कानातल्या फुलाकडे असायचं.

तुझे खेळ म्हणजे खरं तर तुझी कामं होती. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण वाचकांना ते आवडलं नसतं. तुला कोणी विचारलं असतं, की पोरीची बोटं मजबूत व्हावीत म्हणून तुम्ही काय करता, तर तू पदराआड हसली असतीस. तुला तिला गुंतवून ठेवायचं होतं, एवढंच. सुपात तांदूळ घेऊन बसलीस की एक मूठ तिच्यापुढे टाकायचीस आणि खडे वेचायला लावायचीस. ती चिमटीत खडा धरायची आणि तुझ्या तळव्यावर असा ठेवायची, जसं काही सोनं आणून देते आहे. तलावातले शिंगाडे उकडले की ते सोलायला तिला पुढे बसवायचीस. नखं काळी व्हायची, अर्धा शिंगाडा सालीबरोबर जायचा, तरी तू पुढचा शिंगाडा तिच्या हातात द्यायचीस. उन्हाळ्यात सरगुंड्यांसाठी काडीवर कणीक वळताना तिलाही एक काडी आणि एक गोळा मिळायचा. तिची वळी कुठे जाड, कुठे तुटलेली. ती तू वेगळी वाफवायचीस आणि आमरसात घालून मला वाढायचीस. "हे तुयाच लेकीनं केलं. खाय." अंगणात धान वाळत घातलं की ते हलवायला ती पाय ओढत त्यातून चालायची आणि मागे वळून आपल्या रेघा पाहायची. तिने पहिल्या रेघा पायाने ओढल्या, माय. मी त्या दिवशी ओट्यावर बसून चहा पीत होते आणि तिच्या पायाला धानाचं कुसळ टोचेल म्हणून काळजी करत होते.

मला घाई होती. भंडाऱ्याला शेजारच्या घरातली तिच्याच वयाची पोर चार रेघांच्या वहीत पानंच्या पानं भरत होती. शाळेच्या प्रवेशाला पोरांना बसवून लिहायला लावतात, असं ऐकलं होतं. एका रविवारी मी वही आणि पेन्सिल घेऊन आले. पोरीने पेन्सिल मुठीत धरली आणि कागदाला भोक पाडलं. मी तिची बोटं सरळ करायला लागले तशी ती रडली, आणि तू चुलीजवळून उठून आलीस.

"कायले रडवते वं तिले?"

"लिहाले नको का यायले? शाळेत बसवतीन तं काय करीन ही?"

"येईन ना. पेन्सिल काय पळून जाऊन राहिली का?" तू तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतलीस आणि कणकेचा गोळा दिलास. "हात तं पिकू दे अगोदर."

कुंपणापलीकडून बाजूची काकी ओरडली, "मास्तरीनबाई आली का वं भंडाऱ्याची? आमालेबी शिकव म्हणा. मी तं सईच्या जागी अंगठाच देतो अजून."

"तुयाच अंगठा चांगला आहे," तू म्हणालीस, "कोनाले वाचाव नाही लागत." तिघीही हसलो. वही मात्र मी तिथेच ठेवून आले. पुढच्या रविवारी पाहिलं तर तिच्या पानांची होडी करून झाली होती. परतीच्या बसमध्ये मी मनात तुझ्याशी भांडत गेले.

आता भिंतीचं सांगते. तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आपला सगळा मोहल्ला चुन्याने पांढरा व्हायचा आणि दाराच्या उजव्या हाताला निळीने अक्षरं निघायची, ‘सर्वांचे मंगल होवो’. तू सातवीपर्यंत शिकलेली आणि तुझं अक्षर गोल. त्यामुळे आपल्या भिंतीवर तर तू लिहायचीसच, काकीच्या आणि पलीकडच्या दोन-तीन घरांवरही लिहायचीस. निळीत थोडा डिंक कालवायचीस, म्हणजे रंग धरून राहतो. पळसाच्या मुळीचा कुंचा ठेचून बारीक करायचीस. आणि नीळ लावायच्या आधी एकदा सगळं नुसत्या पाण्याने लिहून पाहायचीस, ओळ वर चढते का, शेवटच्या शब्दाला जागा पुरते का. पांढऱ्या चुन्यावर ओली अक्षरं करडी दिसायची आणि बघता बघता उडून जायची. वर्षभराच्या उन्हापावसात निळीचीही अक्षरं फिकी व्हायची, आणि पुढच्या जयंतीला त्यांच्यावर चुना फिरायचा, पुन्हा नवी निघायची. लहानपणापासून पाहिलं आहे मी हे. मला कधी वाटलं नाही, की आपणही कुंचा मागावा.

पोरीने मागितला. आणि तू तो तिला वर्षभरासाठीच देऊन टाकलास. लोट्यात पाणी घ्यायचं आणि हात पोचेल तिथवर भिंतीवर काय हवं ते काढायचं. आधी नुसते फराटे, मग उभ्या-आडव्या रेघा, मग गोल, गोलाला पाय, पायांना शेपटी. भिंतीवर काढायचं तर खांदा हलतो, कोपर हलतं, मनगट वळतं, हे मी परवा लेखात लिहिलं आणि त्याच्यापुढे ‘तज्ज्ञांच्या मते’ असं घातलं. तू म्हणायचीस ते याहून सोपं होतं. ती चुकली आणि चिडली की तू म्हणायचीस, "पानी आहे ते. चुकलं तरी वाळते." आणि ती वाळेपर्यंत थांबायची. पुन्हा लिहायला मिळावं म्हणून भिंत वाळायची वाट पाहणारं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग ते हिवाळ्यातलं दुखणं आलं. धान चुरून घरात आलं होतं, पोरगी पाच वर्षांची होती. काकीचा फोन आला आणि मी पोचले तेव्हा तू बाजेवर होतीस आणि तुझा उजवा हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तुला घरी नेलं, महिनाभर तू आमच्याकडे राहिलीस आणि रोज एकच विचारत राहिलीस, "आसगावची बस किती वाजता आहे?" शेवटी मीच हरले. काकी म्हणाली, मी आहे ना, दोघींना पाहते. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, दिवसातून किती वेळा दाबायचा ते सांगितलं होतं. तुला तो चेंडू आवडला नाही. "हे का कुत्र्याचं खेळनं आहे का?" म्हणालीस आणि पोरीला देऊन टाकलास.

त्याबदल्यात पोरीने तुला तिचे खेळ दिले. मी रविवारी यायचे आणि पाहायचे, ती कणकेचा गोळा तुझ्या हातात देते आहे आणि तुझ्याच आवाजात सांगते आहे, "दाब आजी. हात तं पिकू दे." तुझ्यापुढे मूठभर तांदूळ. तुझ्या बोटांतून खडा निसटतो, ती तो पुन्हा तांदळात टाकते. "सांडला तं सांडला." काकी म्हणते, "काय दिवस आले वं माय, नातीनं आजीले शाळेत टाकलं!" आणि तू ओठाच्या एका बाजूने हसतेस. ते हसू अजून दिसतं मला. मला वाटायचं, पोर आहे, खेळते आहे. म्हातारीचं मन रमतं आहे. बरं आहे. मी पिशवीतून औषधं काढायचे, कोणती कधी घ्यायची ते काकीला सांगायचे आणि घड्याळ पाहायचे.

मार्च संपला आणि मला भिंतीची काळजी लागली. खरंच लागली, माय. त्या वर्षी आपल्या भिंतीवर अक्षरं नसतील, येता-जाता लोक विचारतील, आणि तू तो हात मांडीवर ठेवून गप्प बसशील, हे मला सहन होत नव्हतं. मी पवनीचा एक पेंटर ठरवला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, हात चांगला. तुला सांगितलं नाही. जयंतीच्या आदल्या दिवशी त्याला अचानक न्यायचं, तू खूश होशील, असं मनात धरलं.

त्या दिवशी मी बसमधून उतरले आणि पेंटर मागून त्याच्या लुनावर आला. काकीने आदल्या दिवशीच चुना मारून ठेवला होता. तू दाराशेजारी, भिंतीला अगदी लागून, पिढ्यावर बसली होतीस. पायाशी पाण्याचा लोटा, पोरीचा फ्रॉक पुढून चिंब, भिंतीवर इथे-तिथे ओल. मला राग आला.

"ओल्यात कायले बसली माय? सर्दी होईन ना!"

"आई, आजीनं ना..." पोरगी धावत आली.

"चूप वं," तू म्हणालीस. तू पेंटरकडे पाहत होतीस, त्याच्या डब्यांकडे, खांद्यावरच्या शिडीकडे. मग माझ्याकडे पाहिलंस. "पाहुने आले. जा, पानी आन त्याहिले."

मी सांगितलं काय करायचं आहे ते. तू ऐकून घेतलंस. पोरीचा हात धरून तू उठलीस आणि कडुनिंबाखाली जाऊन बसलीस. पेंटरने सुतळी ताणून ओळी आखल्या, "शंभर टक्के सरळ काढून देतो ताई, पाहाच तुम्ही." ऑइल पेंटचा निळा वास अंगणभर पसरला. पोरगी तुझ्या शेजारी बसून होती. तिच्या हातात कुंचा होता, आणि तो पार वाळून गेला तरी तिने सोडला नाही. शेवटचा शब्द राहिला तेव्हा ती पेंटरपाशी गेली आणि विचारलं, "हे मी लिहू?"

पेंटर हसला. "हात पोचते का तुया? मोठी हो अगोदर." मीही हसले.

झाल्यावर त्याने डबा बंद केला आणि तुला म्हणाला, "आजी, पक्का रंग आहे. आता लवकर बघायचं काम नाही."

"म्हंजे पुढच्या वर्षी लिहाव नाही लागत?"

"नाही ना. कायले लागते?"

"बरं," तू म्हणालीस. मग भिंतीकडे पाहून म्हणालीस, "चांगलं झालं. सरळ आहे."

संध्याकाळी मी तुझं जयंतीचं पांढरं लुगडं धुवायला काढलं. चुलीमागे एका वाटीत नीळ कालवलेली दिसली. मला वाटलं, काकीने कपड्यांसाठीच ठेवली असेल. सगळी बादलीत ओतली आणि लुगडं त्यात बुडवलं. ते नको इतकं निळं झालं आणि वाळल्यावर कडक झालं. दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्या बाया शुभ्र, आणि तू एकटी निळी. काकी म्हणाली, "आभाळ नेसून आली का वं?" तू लुगड्याचा काठ नीट केलास आणि म्हणालीस, "लेकीनं धुतलं." बस, एवढंच.

कपड्याच्या निळीत डिंक कोण घालतं, माय? हा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नाही.

त्याच वर्षी, धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत, तू गेलीस. पोरगी जूनपासून भंडाऱ्याला शाळेत जात होती. तिला लिहायला शिकवावं लागलं नाही. बाई म्हणाल्या, हिचा हात मोकळा आहे, घरी काय करून घेतलं? मी म्हटलं, काही नाही, आजीकडे होती. आसगावचं घर बंद आहे, किल्ली काकीच्या सुनेकडे असते. दर वर्षी जयंतीच्या आधी मी जाऊन भिंतीला चुना मारून घेते. ऑइल पेंटवर चुना धरत नाही. दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि पेंटरची अक्षरं पुन्हा वर येतात, तशीच सरळ.

परवा लेखासाठी मी पोरीला फोन केला. ती नागपूरला बँकेत आहे. म्हटलं, तुझ्या लहानपणचं काय आठवतं ते सांग. ती खूप बोलली. शिंगाड्यांचं, काळ्या नखांचं, धानातल्या रेघांचं. मग म्हणाली, "आणि भिंतीचं टाक. आजीचा हात त्यानंच तर सुधारला होता."

"कुठं सुधारला होता?"

"अगं, लिहायला लागली होती ना. रोज दुपारी, काकी झोपली की. पाण्यानं. आधी माझ्यासारखे फराटे काढायची, मग एकेक अक्षर. मी तिचं कोपर धरायची." मग म्हणाली, "तू पेंटर आणला त्या सकाळी तिनं पूर्ण लिहिलं होतं. म्हणजे माझा शब्द सोडून."

"तुझा कोणता शब्द?"

"‘होवो’. ठरलं होतं आमचं. ‘सर्वांचे मंगल’ आजी लिहील, ‘होवो’ मी. तेवढंच यायचं मला. आधी पाण्यानं पाहायचं आणि वाळलं की निळीनं काढायचं. नीळ कालवून ठेवली होती चुलीमागे. तू येऊन पाहशील आणि रडशील, असं आजी म्हणायची. तू एक बस आधीची धरली."

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस बाई."

"सांगत होते ना. रात्री आजी म्हणाली, तुझ्या आईनं हौसेनं आणलं, तिचं मन मोडू नको." आणि मग तीच म्हणाली, "जाऊ दे ना आई. किती वर्षं झाली. लेखात लिही, पाण्यानं चुकलं तरी वाळते."

तेवढं लिहिलं. लेख वेळेवर दिला, छापूनही येईल. हे पत्र मात्र लेखाच्या कच्च्या कागदांखाली ठेवते आहे आणि ते तिथेच राहणार आहे. तुझ्या अक्षराचा एक तुकडासुद्धा माझ्याकडे नाही. जे काही तू लिहिलंस ते चुन्याखाली गेलं, आणि शेवटचं जे लिहिलंस ते मी बसमधून उतरून अंगणात येईपर्यंत वाळून गेलं. मला वाटायचं, तुला त्या वर्षी अक्षरं हवी आहेत. तुला लिहायचं होतं.

काल मी आसगावला गेले होते. पळसाच्या मुळीचा कुंचा आता पवनीच्या बाजारात मिळत नाही, प्लॅस्टिकच्या केसांचा घेतला. पेंटरची भिंत तशीच ठेवली. दाराच्या डाव्या हाताची भिंत मोकळी आहे, तिला चुना मारून घेतला, आणि लोट्यात पाणी घेऊन उभी राहिले. आयुष्यभर लिहिते आहे, पण भिंतीवर पहिल्यांदाच लिहिलं. ओळ वर चढली. ‘सर्वांचे’ झालं, ‘मंगल’ लिहिता लिहिता पहिलं अक्षर उडायला लागलं. त्याच्यापुढे जागा सोडायची, कुंचा खाली ठेवायचा आणि जयंतीला पोरगी येईल तेव्हा तेवढा शब्द तिच्याकडून निळीने लिहून घ्यायचा, हे मी बसमध्येच ठरवलं होतं. पण तुला म्हणून सांगते, माय, हात थांबला नाही. काम अर्धं सोडायची सवयच नाही ना. ‘होवो’ पण मीच लिहून टाकलं. मग ते वाळेपर्यंत उन्हात उभी राहिले.